मोटारींचे सोवळे : इंजिन बदलले म्हणजे इतिहास बाटतो का?

१/
जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे छायाचित्र कुठेही प्रसिद्ध होवो, त्याखाली एक प्रश्न हमखास येतो : "इंजिन ओरिजिनल आहे का?" उत्तर 'नाही' असे आले की निवाडा तिथल्या तिथे लागतो. गाडी बाटली, मालक अरसिक, इतिहासाचा खून झाला. आजचा धागा या निवाड्याच्या विरोधात आहे. मोटारी हे निमित्त. 'अस्सल' हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने कसा वापरावा, हा खरा वाद.

२/
माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो. इंजिन बदलणे हा जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या इतिहासाचाच एक अध्याय आहे. दोष बदलात नसतो, बदल लपवण्यात असतो. आणि 'कारखान्यातून निघाली तशीच' ही एकच अवस्था पवित्र मानणारा आग्रह अनेकदा स्वतःच पुरावा नष्ट करतो. ही तीन विधाने पुढे उदाहरणांनिशी सिद्ध करण्याचा प्रयत्न करतो.

३/
प्रथम कृती समजून घेऊ. इंजिन बदलणे म्हणजे चार बोल्ट काढून एक नग उतरवणे आणि दुसरा बसवणे नव्हे. नवे इंजिन आले की चॅसीवरचे आधार बदलतात. क्लच आणि गिअरबॉक्स त्याच्याशी जुळणारे लागतात. गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रॉपेलर शाफ्ट नव्या मापाचा करावा लागतो. जोर वाढला की मागचा अ‍ॅक्सल आणि डिफरन्शियल तो पेलत नाहीत. उष्णता वाढली की रेडिएटर अपुरा पडतो, वेग वाढला की ब्रेक. एक बदल दहा बदल मागतो.

४/
म्हणूनच असे काम हा एक दस्तऐवज असतो. कोणता सुटा भाग मिळत होता, कोणता परवडत नव्हता, कोणत्या कारागिराला काय येत होते, कायद्याने काय अडवले होते, हे सारे त्या बॉनेटखाली लिहिलेले असते. वाचता येणाऱ्याला ते दिसते. सोवळे पाळणाऱ्याला फक्त विटाळ दिसतो.

५/
पहिले उदाहरण : इंग्लंडमधील एसी कंपनीची 'एस'. ही देखणी, हलकी, दोन आसनी मोटार १९५३ साली आली. तिच्यातले सहा सिलिंडरचे इंजिन जॉन वेलर यांनी १९१९ च्या सुमारास आखलेले होते. म्हणजे मोटार नवी आणि तिचे काळीज तीस-पस्तीस वर्षे जुने. १९५६ पासून तिच्यात ब्रिस्टल कंपनीचे इंजिनही मिळू लागले. ते इंजिन आले कुठून? महायुद्धानंतर ब्रिस्टल या विमाने बनवणाऱ्या कंपनीच्या हाती जर्मनीतल्या बीएमडब्ल्यूचे आराखडे लागले. त्यातल्या '३२८' या मोटारीच्या इंजिनावरून ते बेतलेले होते.

६/
१९६१ साली ब्रिस्टलने ते इंजिन बनवणे थांबवले. एसीने मग फोर्डच्या 'झेफर' या घरगुती मोटारीचे २.६ लिटरचे इंजिन मोजक्या गाड्यांत बसवले. थांबून मोजा. एकच मोटार, आठ-नऊ वर्षांत तीन इंजिने : एक स्वतःचे, एक जर्मन वंशाचे, एक थेट बाजारातल्या कुटुंबवत्सल मोटारीचे. यातली 'मूळ' एस कोणती? पहिली म्हणाल, तर शर्यतींत नाव काढणारी ब्रिस्टल-एस बाटलेली ठरते. तिन्ही म्हणाल, तर इंजिन बदलल्याने अस्सलपणा जात नाही, हे तुम्ही मान्य केलेच.

७/
याच वेळी कॅरोल शेल्बी नावाचा टेक्सासचा माणूस कथेत येतो. १९५९ साली त्याने रॉय साल्वादोरीसह अ‍ॅस्टन मार्टिन चालवून ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली होती. हृदयविकाराने त्याची शर्यत सुटली. १९६१ मध्ये त्याने एसीला विचारले, तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-८ बसवून द्याल का? त्या वेळी फोर्डकडे पातळ ओतकामाचे, म्हणून आकाराच्या मानाने हलके, असे नवे व्ही-८ इंजिन तयार होते. १९६२ च्या फेब्रुवारीत बिनइंजिनाची पहिली गाडी विमानाने लॉस एंजेलिसला पोहोचली आणि तिथल्या एका गॅरेजात फोर्डचे इंजिन तिच्यात बसले. हीच पहिली 'कोब्रा', क्रमांक सीएसएक्स २०००.

८/
इंजिनामागोमाग बाकीचेही बदलले. जुने डिफरन्शियल जाऊन मजबूत सॅलिस्बरी बनावटीचे आले, अमेरिकेतला बोर्ग-वॉर्नरचा चार गतींचा गिअरबॉक्स बसला, पुढे स्टिअरिंगची जुनी पेटी जाऊन रॅक-अँड-पिनियन आले. इंजिन २६० घनइंचांवरून २८९ वर गेले. १९६५ पासून ४२७ घनइंचांचे राक्षसी इंजिन घेणाऱ्या गाडीसाठी चॅसीच नव्याने आखावी लागली, कारण आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर ते झेपणारे नव्हते. त्याच १९६५ साली कोब्राच्या 'डेटोना' या बंदिस्त रूपाने मोठ्या जीटी मोटारींचे जागतिक अजिंक्यपद फेरारीकडून हिसकावले.

९/
आता सोवळेवाल्यांच्या बाजारपेठेकडे वळू. तीच सीएसएक्स २०००, म्हणजे परक्या चॅसीत गॅरेजात इंजिन बसवलेली गाडी, ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. लिलावात विकल्या गेलेल्या अमेरिकन मोटारींमध्ये तोवरची ती सर्वांत महाग. इंजिन बदलणे हा विटाळ असेल, तर हा विटाळ जगाने सोन्याने तोलला. एखाद्या हौशी माणसाने आपल्या घरामागच्या शेडमध्ये तेच केले की ते पाप कसे होते?

१०/
उत्तर उघड आहे. प्रसिद्ध माणसाने केलेला बदल 'वारसा' म्हणवतो आणि अनामिकाने केलेला 'छेडछाड'. राजांच्या इतिहासाला आणि रयतेच्या इतिहासाला वेगवेगळे माप लावण्याची ही जुनी खोड आहे. इतिहासलेखनाने ती सोडून काही पिढ्या लोटल्या. मोटारशौकिनांनी अजून ती सोडलेली नाही.

११/
दुसरे उदाहरण राजकारणाचे. रूट्स या ब्रिटिश समूहाची 'सनबीम अल्पाइन' ही चार सिलिंडरची सौम्य मोटार. तिच्यात फोर्डचेच २६० घनइंचांचे व्ही-८ बसवून १९६४ साली 'टायगर' आणली गेली. या जोडणीच्या पहिल्या प्रयोगांतही शेल्बीचा हात होता. जागा इतकी कमी की एका स्पार्क प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीला भोक ठेवावे लागले. मिस्त्री गाडीच्या आत बसून इंजिनाचे काम करी.

१२/
पुढे अमेरिकेतल्या क्रायस्लरने रूट्सवर ताबा मिळवला. आता क्रायस्लरच्या मालकीच्या गाडीत प्रतिस्पर्धी फोर्डचे इंजिन, ही मोठीच अडचण झाली. क्रायस्लरचे स्वतःचे छोटे व्ही-८ बसेना, कारण त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला होता आणि मागे जागाच नव्हती. १९६७ मध्ये टायगर बंद पडली. एका उद्योगसमूहाची विक्री आणि इंजिनाच्या वरचा हातभर उंचीचा एक भाग, या दोन गोष्टींनी मिळून एका मोटारीचा शेवट ठरवला. व्यापारी इतिहासाचा याहून नेमका पुरावा कागदातही क्वचित सापडतो.

१३/
तिसरे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे. अमेरिकेतल्या ब्युइकने १९६१ च्या गाड्यांसाठी साडेतीन लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-८ काढले. ओतकामाच्या अडचणी आणि खर्च यांमुळे काही वर्षांतच ते बंद केले. १९६५ मध्ये त्याचे हक्क ब्रिटनच्या रोव्हरने घेतले. अमेरिकेने टाकलेले हे इंजिन पुढे रोव्हरच्या सलूनमध्ये, १९६८ पासून मॉर्गन प्लस-८ मध्ये, रेंज रोव्हरमध्ये आणि असंख्य हौशी लोकांच्या शेडमध्ये काही दशके नांदले.

१४/
त्याच काळात एमजी कंपनीला आपल्या लोकप्रिय 'एमजीबी' मध्ये अधिक जोर हवा होता. एमजीबीचे इंजिन १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे, बिडाचे. कंपनीने १९६७ साली तिच्या जागी तीन लिटरचे सहा सिलिंडरचे, तेही बिडाचे, इंजिन घालून 'एमजीसी' काढली. गाडीचे नाक जड झाले, वळणावर ती बाहेर रेटू लागली, समीक्षकांनी झोडपले, दोन वर्षांत गाडी बंद झाली. लक्षात घ्या, ही 'कंपनीची अस्सल' जोडणी होती.

१५/
मग केन कॉस्टेलो नावाच्या शर्यतपटूने आपल्या छोट्या कार्यशाळेत एमजीबीमध्ये रोव्हरचे ते अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-८ बसवायला सुरुवात केली. सिलिंडर दुप्पट झाले, पण अ‍ॅल्युमिनियममुळे वजन जवळपास मूळ बिडाच्या इंजिनाइतकेच राहिले. गाडीचा तोल ढळला नाही. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ती पाहिली आणि १९७३ साली स्वतःची 'एमजीबी जीटी व्ही-८' बाजारात आणली. १९७६ पर्यंत २५९१ गाड्या निघाल्या.

१६/
येथे 'अस्सल' कोण आणि 'नक्कल' कोण? कालक्रम पाहा : आधी कॉस्टेलो, मग कंपनी. बाहेरच्या माणसाने केलेला बदल कारखान्याने उचलला. 'कारखान्यातून निघाली तशी' हा निकष लावला तर मूळ कल्पनेची गाडी बनावट ठरते आणि तिच्यावरून सुचलेली गाडी शुद्ध. ज्या निकषाने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते, तो निकष इतिहासाच्या कामाचा नाही.

१७/
आता 'मॅचिंग नंबर्स' या मंत्राकडे येऊ. चॅसीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळला की गाडी अस्सल आणि तिची किंमत चढी. क्रमांक हा उपयोगी पुरावा आहे, यात वाद नाही. पण तो गाडीच्या जन्माचा पुरावा आहे, जगण्याचा नाही. जन्मदाखला म्हणजे चरित्र नव्हे. शर्यतीत उतरलेल्या गाडीचे इंजिन फुटते, बदलते, पुन्हा फुटते. ज्या गाडीचे इंजिन कधीच बदलले नाही, ती बहुधा फारशी चाललेलीच नसते.

१८/
हा प्रश्न एकदा लंडनच्या उच्च न्यायालयापुढे गेला. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल माँ जिंकणारी बेंटली 'ओल्ड नंबर वन'. पुढे ती सतत बदलत गेली. साडेसहा लिटरच्या इंजिनाच्या जागी आठ लिटरचे आले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत याच गाडीत क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडला. त्यानंतर तिची पुन्हा बांधणी झाली. अनेक दशकांनी सुमारे एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला आणि खरेदीदाराने माघार घेतली. कारण काय, तर ही 'ती' गाडीच नव्हे.

१९/
१९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. १९२९ ची म्हणता येईल अशी सामग्री तिच्यात जवळपास उरली नव्हती. १९३० चेही मोजकेच भाग होते. तरीही ही गाडी 'ओल्ड नंबर वन'च आहे, असे त्यांनी ठरवले. कारखान्यातून निघाली तशी ती नाही, हे त्यांनी मान्य केले. पण तिचे अस्तित्व अखंड चालत आले आहे, कुठेही तुटून नव्याने सुरू झालेले नाही, म्हणून ती खरी आहे. 'मूळ' आणि 'खरी' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे न्यायालयाला कळले. आपल्याला कधी कळणार?

२०/
ब्रिटनच्या वाहन परवाना खात्यानेही अनेक वर्षे अशीच व्यवहारी फूटपट्टी वापरली. फार बदललेल्या गाडीला तिचा जुना नोंदणी क्रमांक ठेवायचा तर किमान आठ गुण हवेत. चॅसी किंवा सांगाड्याला पाच गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला? एक. ज्या भागावरून आपल्याकडे चर्चेचे आखाडे रंगतात, त्याला सरकारी कारकुनाने सर्वांत कमी गुण दिले होते. इंजिन ही झिजणारी आणि बदलली जाणारी वस्तू आहे, हे त्याला ठाऊक होते.

२१/
वास्तुसंवर्धनाचे विद्यार्थी १९६४ च्या व्हेनिस सनदेशी परिचित असतील. तिच्या अकराव्या कलमाचा आशय असा : वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेली मोलाची भर जपली पाहिजे, सगळी वास्तू एकाच शैलीची करून टाकणे हे जीर्णोद्धाराचे ध्येय नव्हे. देवगिरीच्या किल्ल्यात यादव, तुघलक, बहमनी, निजामशाही, मुघल असे थर एकावर एक आहेत. बाकीचे खरवडून केवळ एक थर ठेवा, असे कोणी म्हणाले तर पुरातत्त्वाचा विद्यार्थी हादरेल. मोटारीच्या बाबतीत नेमके हेच खरवडणे 'रिस्टोरेशन' म्हणून मिरवते.

२२/
आता आपल्या घरचा दाखला. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. कोणी म्हणेल, नाथांनी अपपाठ काढले, म्हणजे ते शुद्धतेच्याच पक्षाचे. मान्य. पण शुद्ध करणे हाही हस्तक्षेपच असतो, आणि तो हस्तक्षेप केल्याचे ग्रंथाच्या शेवटी वर्षासह नोंदलेले आहे. त्यामुळे आज अभ्यासक नाथपूर्व पोथ्या आणि नाथांची प्रत यांची तुलना करू शकतो. नोंद आहे म्हणून विद्या पुढे जाते. ज्या लेखनिकाने गुपचूप ओवी घुसवली किंवा गुपचूप वगळली, त्याने खरी हानी केली.

२३/
मोटारींना हीच कसोटी लावा. १९७१ साली कोणी एमजीबीत व्ही-८ बसवले, पावत्या जपल्या, जुने इंजिन कुठे गेले ते लिहून ठेवले : हा नोंद ठेवणारा संपादक. २०२० मध्ये कोणी ती गाडी घेतली, ते व्ही-८ उपटून टाकले, कुठलेसे बिडाचे इंजिन आणून बसवले, त्यावर 'योग्य' क्रमांक ठोकला आणि 'ओरिजिनल' म्हणून विकली : हा गुपचूप ओवी बदलणारा. सोवळ्याच्या बाजारात पहिल्याला शिव्या मिळतात आणि दुसऱ्याला नफा.

२४/
विरुद्ध बाजूचे आक्षेप आता घेतो. त्यातले काही सबळ आहेत. पहिला : दुर्मीळ गाडीचे काय? एखाद्या नमुन्याच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच गाड्या मूळ इंजिनासह उरल्या असतील, तर त्यांतले इंजिन काढणे म्हणजे शेवटची पोथी फाडणे होय. चांगल्या चालत्या ब्रिस्टल-एसमधले इंजिन काढून तिची खोटी कोब्रा करणे याला मी नुकसानच म्हणेन. पाच लाखांहून अधिक निघालेल्या एमजीबीला मात्र हा न्याय लागू होत नाही. संख्या पाहून सोवळे पाळा, सरसकट नको.

२५/
दुसरा आक्षेप : कापाकापीचे काय? इंजिन बसवण्यासाठी चॅसी कापली, सांगाडा ठोकून वाकवला, तर परतीची वाट बंद होते. हा आक्षेपही रास्त. म्हणून शक्य तिथे बदल परतवता येण्याजोगा असावा आणि काढलेले इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल जपून ठेवावेत. जॅग्वारने २०१७ मध्ये विजेवर चालणारी ई-टाइप दाखवली तेव्हा बॅटरीसंच जुन्या एक्सके इंजिनाच्याच मापाचा आणि वजनाचा ठेवला, ज्यायोगे मूळ इंजिन पुन्हा बसवता यावे. हा विवेक अनुकरणीय आहे.

२६/
तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ब्रेक जुनेच ठेवून इंजिनाचा जोर दुप्पट करणारा माणूस इतिहासाचा नव्हे, रस्त्यावरच्या माणसाचा अपराधी आहे. पण या आक्षेपाचे उत्तर तपासणी आहे, सोवळे नाही. उलट, कारखान्याने दिले तेवढेच ब्रेक पवित्र मानून पन्नास वर्षांपूर्वीच्या ड्रम ब्रेकवर आजच्या महामार्गावर जाणे अधिक धोक्याचे. सुरक्षिततेचा कैवार खरोखर असेल, तर तो बदलाच्या बाजूनेच अधिक बोलतो.

२७/
हे सारे इंग्लंड-अमेरिकेचे. आपला याच्याशी काय संबंध? संबंध रक्ताचा आहे. अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षे धावलेले १४८९ सीसीचे इंजिन हे बीएमसीच्या 'बी-सिरीज' घराण्याचे. एमजीए या स्पोर्ट्स मोटारीचे आणि पुढे एमजीबीचे इंजिन त्याच घराण्यातले. कलकत्त्याची टॅक्सी आणि इंग्लंडची स्पोर्ट्स मोटार एका कुळाच्या. आणि नव्वदच्या दशकात त्याच अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये कंपनीने जपानच्या इसुझुचे १.८ लिटरचे इंजिन बसवले. मग अ‍ॅम्बॅसॅडरही बाटली म्हणायची का?

२८/
याहून बोलका दाखला 'स्टँडर्ड २०००' चा. ब्रिटनमध्ये रोव्हर एसडी-१ ही डौलदार मोटार १९७६ साली आली, ब्युइककडून घेतलेले तेच साडेतीन लिटरचे व्ही-८ घेऊन. ऐंशीच्या दशकात मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने तोच सांगाडा भारतात आणला, पण बॉनेटखाली बसवले १९४० च्या दशकातल्या 'व्हॅनगार्ड'च्या घराण्यातले चार सिलिंडरचे इंजिन. याच घराण्यातल्या इंजिनावर फर्ग्युसनचा ट्रॅक्टर चालला होता आणि ट्रायम्फची टीआर-२ ही स्पोर्ट्स मोटारही.

२९/
सत्तरच्या दशकाचे रूप आणि चाळीसच्या दशकाचे काळीज. गाडी चालली नाही. काही वर्षांत बंद झाली. पण परवाना-राज्य, आयातीवरची बंधने, परकीय चलनाची चणचण आणि घरात पडून असलेली जुनी यंत्रसामग्री वापरण्याची निकड, हे सारे एका नजरेत दाखवणारी याहून चांगली वस्तू संग्रहालयाला मिळणार नाही. उद्या कोणी उत्साहाने एखाद्या स्टँडर्ड २००० मध्ये रोव्हरचे व्ही-८ बसवून तिला 'अस्सल एसडी-१' केले, तर तो इतिहास जपेल की पुसेल? म्हणूनच मी सरसकट बदलाचा पुरस्कार करत नाही. वस्तू काय सांगते ते आधी ऐका, मग पाना उचला.

३०/
आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी दूर नेण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन ठामपणे अधोरेखित केले. रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यामागचा हेतू समजू शकतो. पण जुलै २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' वाहनाची व्याख्या केली ती अशी : वय पन्नास वर्षांहून अधिक, मूळ स्वरूपात राखलेले आणि चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले.

३१/
वाचताना ही व्याख्या निरुपद्रवी वाटते. पण तिचा परिणाम पाहा. ज्या देशात परदेशी मोटारीचा सुटा भाग मिळवणे दशकानुदशके दुष्प्राप्य होते, तिथे जुनी परदेशी गाडी चालती ठेवायची तर जे हाती येईल ते बसवणे भाग होते. त्या काळाचा विचार न करता 'मूळ स्वरूप' मागणे म्हणजे आपल्याच मिस्त्र्यांच्या तीन पिढ्यांच्या कारागिरीला वारशाच्या यादीतून वगळणे. आणि जो मालक खरे लिहील तो यादीबाहेर पडणार असेल, तर लोक खरे लिहिणार नाहीत. नियमाने शुद्धता मागितली की समाज खोटेपणा पुरवतो.

३२/
म्हणून मागणी साधी आहे. पन्नास वर्षांपूर्वी किंवा त्या गाडीच्या नित्य वापराच्या काळात झालेला बदल, पुराव्यासह, वारशाचा भाग मानावा. अलीकडचा बदल परतवता येण्याजोगा असेल आणि सुरक्षा तपासणी झाली असेल, तर तो नोंदवून घ्यावा. प्रत्येक जुन्या गाडीसोबत बदलांची वही असावी : काय काढले, काय बसवले, कधी, कोणी, का. इंजिनावर खोटा क्रमांक ठोकणे हा मात्र दस्तऐवजाची बनावट करण्याइतकाच गंभीर अपराध मानावा. सगळी कठोरता तिथे खर्च करा.

३३/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनो, यात आपल्यालाही काम आहे. तुमच्या गावात साठी-सत्तरीतले एखादे मोटार मिस्त्री असतील. त्यांनी कोणत्या गाडीत कोणते इंजिन बसवले, गिअरबॉक्स जुळवायला जोडतबकडी कुठे लेथवर काढली, प्रॉपेलर शाफ्ट किती इंच कापला, हे त्यांच्या डोक्यात आहे. कुठल्याही दप्तरखान्यात नाही. त्यांच्याकडे जा, विचारा, टिपून घ्या, छायाचित्रे घ्या. त्या पिढीबरोबर ते ज्ञान जाईल आणि मग आपल्या हाती फक्त चकचकीत, क्रमांक जुळणाऱ्या, मुक्या गाड्या उरतील.

३४/
पुढच्या वेळी बॉनेट उघडलेले छायाचित्र समोर आले की "ओरिजिनल आहे का?" असे विचारू नका. "काय बदलले, कधी आणि का?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर किंमत सांगते. दुसऱ्याचे उत्तर इतिहास सांगते.

धागा समाप्त. असहमत असाल तर जरूर लिहा. फक्त पुराव्यासह लिहा. आणि तुमच्या परिसरातील इंजिन बदललेल्या एखाद्या जुन्या गाडीची हकीकत ठाऊक असेल, तर खाली नोंदवा.